ट्रेलर ओढणाऱ्या एफ-२५० ला टायर कुठले घ्यावेत?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. गाडी फोर्ड एफ-२५०, २०१९ ची, ६.७ डिझेल, फोर बाय फोर, क्रू कॅब. मागे ट्रॅव्हल ट्रेलर (मुक्कामाची सोय असलेला, ओढून न्यायचा) असतो आणि ओढायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं. सप्टेंबरअखेर आई-बाबा नाशिकहून येत आहेत. त्यांना घेऊन आय-७० हायवेने ग्रँड जंक्शन आणि पुढे मोआबला जायचं ठरलंय.

गाडीबरोबर आलेले टायर मिशेलिनचे एलटीएक्स ए/टी२ आहेत, माप एलटी२७५/७०आर१८ (एलटी म्हणजे लाइट ट्रक), लोड रेंज ई (वजन पेलण्याची श्रेणी). नक्षी ४/३२ इंच उरली आहे. सहा वर्षं होऊन गेली, त्यामुळे बदलायचे हे नक्की.

दुकानदाराने तीन पर्याय दिले. पहिला सगळ्यात स्वस्त, माप तेच २७५/७०आर१८, पण पुढे एलटी लिहिलेलं नाही आणि आकडा ११६ आहे. तो म्हणाला, "बसतो, चालतो, मऊ पण जातो." दुसरा मिशेलिन अजिलिस क्रॉसक्लायमेट, लोड रेंज ई. तिसरा बीएफगुडरिच केओ३, तोही ई. दुसरा-तिसरा एकेक टायर तीनशे डॉलरच्या आसपास पडतो. पहिल्यात चारांचे मिळून चारशेच्या वर वाचतात.

माप सारखंच असताना एवढा फरक कशाचा? आणि ओढण्यासाठी काय बघून टायर घ्यायचा? ज्यांनी खरोखर वजन ओढलंय त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

रानवाटा

केओ३ घ्या, प्रश्नच नाही. त्याच्या आधीच्या केओ२ वर मी युटा आणि वायोमिंग पालथं घातलं आहे. मोआबला जाताय म्हणजे सरकारी जमिनीवरच्या कच्च्या जागांवर मुक्काम करणार. तिथले दगड साध्या हायवे टायरची नक्षी कुरतडतात. शिवाय त्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह आहे, म्हणजे बर्फाचाही प्रश्न मिटला. जमलं तर थोडं मोठं माप घाला, ३५ इंची. गाडी उंच होते आणि दिसतेही झकास.

चाकोरी

पाऊलवाट, ब्रँड नंतर बघू. आधी दोन गोष्टी हव्यात: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर मागच्या ॲक्सलची मर्यादा किती लिहिली आहे, आणि ट्रेलर जोडून, सगळं सामान आणि माणसं भरून मागच्या ॲक्सलवर प्रत्यक्षात किती वजन येतं. या दोन आकड्यांशिवाय टायर सुचवणं म्हणजे नुसता अंदाज.

मी टेक्ससमध्ये गूसनेक ट्रेलरवर शेतीची यंत्रं पोचवतो, त्यामुळे वजनकाट्यावर माझं येणं-जाणं रोजचं. तुम्ही हायवेवरच्या कुठल्याही मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल शोधा. पुढची चाकं पहिल्या पाटावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. बटण दाबून बोलायचं, आत जाऊन पावती घ्यायची. पंधरा-वीस डॉलरचं काम. मग ट्रेलर सोडून नुसती गाडी पुन्हा काट्यावर घ्या, दुसऱ्या खेपेला पैसे बरेच कमी पडतात. वजन करताना टाकी भरलेली हवी, कुलरही गाडीत हवा आणि घरचे सगळे गाडीत बसलेले हवेत. रिकाम्या गाडीचं वजन करून काहीच कळत नाही.

तोवर स्वस्त टायरचे पैसे देऊ नका.

मालवाहतूक_कराड

नमस्कार ताई. मी कराडचा, आमच्या ट्रक कुंभार्ली घाटातून चिपळूणला जातात. तुमची गाडी वेगळी, टायर वेगळे, पण टायर फुटायचं कारण इथंही तेच आणि तिथंही तेच: वजनाच्या मानाने हवा कमी. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला साइडवॉल जास्त वाकते, वाकली की तापते, आणि तापली की आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. आमच्याकडं मागं जोडीनं टायर असतात. त्यातल्या आतल्या टायरची हवा गेली तर सगळं वजन बाहेरच्यावर येतं आणि ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. क्लीनर पोरं पाइपनं टायर ठोकून आवाजावरनं हवा सांगतात. टायर पार बसला असेल तर तो आवाज कळतो, पण दहा-पंधरा पीएसआय कमी असेल तर नाही कळत. आमच्या प्रत्येक गाडीत मी गेज ठेवलाय आणि सकाळी गाडी हलायच्या आधी हवा बघायची अशी सक्त ताकीद आहे.

अजून एक. जुने टायर काढायच्या आधी नीट बघा, ते बरंच काही सांगतात. मधून घासले असतील तर हवा जास्त होती. दोन्ही कडांनी घासले असतील तर कमी होती. एकाच कडेनं घासले असतील तर अलाइनमेंट गेलंय. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेनं सुळकन जातो आणि दुसऱ्या दिशेनं बोटांना टोचतं, असं झालं तर चाकाचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला कोन, बिघडलाय. तो नीट केल्याशिवाय नवे टायर चढवले तर तेही तसेच खाल्ले जातील.

पाऊलवाट

कराडचे दादा, आत्ताच हात फिरवून बघितला. पुढच्या दोन्ही टायरना बाहेरच्या कडेला टोचतंय. अलाइनमेंट करून घेते.

चाकोरी, आज काट्यावर जाऊन आलो, दोन्ही मुलं आणि सगळं सामान घेऊन. पावतीवरचे आकडे:

ट्रेलर जोडून पुढचा ॲक्सल ४४६० पाऊंड, मागचा ५२२०, ट्रेलरचे ॲक्सल ७३४०. एकूण १७,०२०.
ट्रेलर सोडून नुसती गाडी ८६२०.

दारावरच्या लेबलवर मागच्या ॲक्सलची मर्यादा ६३४० आणि गाडीची एकूण १०,०००. हवा पुढे ६०, मागे ६५ पीएसआय लिहिली आहे.

चाकोरी

उत्तम. आता हिशोब सोपा झाला.

ट्रेलर जोडल्यावर गाडीवर ४४६० अधिक ५२२०, म्हणजे ९६८०. नुसती गाडी ८६२०. फरक १०६०, हा ट्रेलरच्या जिभेचा, म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्याचा, गाडीवर येणारा भार. ट्रेलर एकूण ८४००, त्याच्या साडेबारा टक्के. साध्या हिचला (गाडीमागच्या जोडणीला) १० ते १५ टक्के हवेत, म्हणजे भरणी छान आहे. गाडीच्या १०,००० च्या मर्यादेपर्यंत मात्र ३२० पाऊंडच उरलेत. आई-बाबा आणि त्यांच्या बॅगा धरून पुन्हा एकदा मोजा, काही सामान ट्रेलरच्या ॲक्सलवर सरकवावं लागेल.

आता टायर. मागच्या ॲक्सलवर ५२२०, दोन चाकांत वाटले तर चाकामागे २६१०. डावी-उजवी बाजू अगदी सारखी कधीच नसते, म्हणून थोडी जागा राखायची.

तुमच्या सध्याच्या टायरवर १२५/१२२ लिहिलेलं असेल. पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडीतल्या चाकाचा. १२५ म्हणजे ८० पीएसआयला सुमारे ३६४० पाऊंड. ६५ पीएसआयला तोच टायर सुमारे ३१९५ पेलतो. दोन चाकांचे ६३९०. लेबलवरची मर्यादा ६३४०. बघा, फोर्डने ६५ हा आकडा कुठून आणला ते. लेबल म्हणजे गाडी, ॲक्सल आणि टायर यांचा जुळवलेला हिशोब असतो.

आता दुकानदाराचा स्वस्त टायर. ११६ म्हणजे २७५६ पाऊंड. वरवर २६१० पेक्षा जास्त वाटतो, पण तो प्रवासी गाडीच्या जातीचा टायर आहे. असा टायर ट्रकला लावायचा तर त्याची क्षमता १.१ ने भागायची असा नियम आहे. राहिले २५०५. तुमच्या आत्ताच्या वजनाला, आई-बाबा गाडीत बसायच्या आधीच, तो कमी पडतो. तो चाकावर बसेल, रिकाम्या गाडीत मऊही लागेल. ऑगस्टच्या दुपारी ग्रँड जंक्शनच्या उन्हात ट्रेलर घेऊन निघालात की काय होईल ते कराडच्या दादांनी वर लिहिलंच आहे. ज्याला गाडी कशासाठी वापरता हे माहीत आहे आणि तरी तो हा टायर दाखवतो, त्या दुकानात मी पुन्हा गेलो नसतो.

रानवाटा

हिशोब पटला. स्वस्तवाला बाद. पण मग ३५ इंची ई टायर घ्यायला काय हरकत? मोठा टायर जास्त वजन पेलणारच ना?

चाकोरी

नाही, आणि पुष्कळ लोक इथेच फसतात. ३५x१२.५०आर१८ हा ई रेंजचा टायर बहुतेक १२३ चा असतो, म्हणजे ३४१५ पाऊंड. त्यांच्या मूळ मापाचा १२५ आहे. टायर मोठा, पण ताकद कमी.

दुसरं म्हणजे गिअर. २७५/७०आर१८ ची उंची साधारण ३३.२ इंच. ३५ इंची घातले की ३.५५ गिअर गुणोत्तराचा ॲक्सल ३.३७ असल्यासारखा वागतो. आय-७० वरच्या आयसेनहॉवर बोगद्याकडे चढताना गिअरबॉक्सला जास्त राबावं लागतं, आणि उतारावर इंजिनचा ब्रेकही तेवढाच कमी धरतो. तिथे सात टक्क्यांचा उतार आहे आणि मागे ८४०० पाऊंड आहेत. उंची वाढली की गाडी जास्त डोलतेही. ओढणाऱ्या गाडीला कंपनीचंच माप.

उत्तरवारा

मी कॅलगरीत. बर्फाबद्दल दोन गोष्टी.

एम+एस (चिखल आणि बर्फ) आणि तीन शिखरांत हिमकण, ही वेगवेगळी चिन्हं आहेत. एम+एस हे नक्षीच्या आकारावरून कंपनी स्वतःच छापते. हिमकणाचं चिन्ह मिळवायला बर्फावर पकडीची चाचणी पास व्हावी लागते. पाऊलवाट यांनी सांगितलेल्या दोन्ही ई टायरवर ते आहे, त्यामुळे निवड त्यावर अडत नाही.

दुसरं, थंडीत हवा उतरते. कारवाले लोक दर १० फॅरनहाइटला एक पीएसआय असा हिशोब धरतात. तो ३२-३५ पीएसआयच्या टायरचा. ६५ वाल्याला तोच फरक दीडच्या जवळ जातो. दुपारी ७० अंशांत भरलेली हवा पहाटे २० अंशांत मोजलीत तर सात पीएसआय कमी दिसेल. टायर गळतोय असं नाही, पण ते सात भरून घेतलेच पाहिजेत.

पाऊलवाट

आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे नक्षी निदान ३/१६ इंच लागते, हे इथल्या नव्या लोकांसाठी लिहून ठेवते. ३/१६ म्हणजे ६/३२. माझे ४/३२ आहेत, म्हणजे कायद्याच्या २/३२ मध्ये बसतात, पण या नियमात नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी वेल पासवर बर्फ पडलेला मी पाहिलाय.

आता अजिलिस की केओ३? आमचा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावर. कॅम्पग्राउंडच्या आत शेवटचा मैलभर खडी असते, तेवढीच.

चाकोरी

माझं मत अजिलिस. कारण नक्षी. केओ३ सारख्या ऑल-टेरेन (कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या) टायरचे ठोकळे उंच आणि सुटे सुटे असतात. मागे ट्रेलर जोरात हलला, बाजूने मोठा सेमी ट्रक गेला, की ते ठोकळे वाकतात आणि स्टिअरिंगवर गाडी थोडी सैल लागते. नवीन असताना तर जास्तच. अजिलिससारख्या हायवेच्या नक्षीत हे कमी. ओल्या रस्त्यावर ब्रेकही साधारणपणे हायवे टायर बरा मारतो. तुमच्या गाडीत आई-बाबा आणि मुलं आहेत, तुम्हाला दगडापेक्षा पावसातल्या ब्रेकची गरज जास्त पडणार.

रानवाटा

इथे मी सहमत नाही. ट्रेलर घेऊन खडीवर मैलभर जाणं म्हणजे रिकाम्या गाडीने मैलभर जाणं नाही. मागच्या प्रत्येक चाकावर २६०० पाऊंड असताना चढावर चाक थोडं जरी फिरलं तरी धारदार खडी नक्षीचे तुकडे उडवते. हायवे टायरवर असे कापे पडलेले मी स्वतः पाहिलेत. केओ३ ची साइडवॉल जाड आहे, तो यासाठीच बनवलाय. थोडा आवाज आणि थोडं जास्त डिझेल, एवढीच किंमत.

चाकोरी

खडीवर तुकडे उडतात हे खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पाऊलवाट दर महिन्याला तसल्या जागी जात असत्या तर मीही ऑल-टेरेन म्हणालो असतो. वर्षातून चार वेळा मैलभर खडीसाठी बाकी हजारो मैलांचा ब्रेक कमी करायचा का, एवढाच प्रश्न आहे. खडीवर फोर बाय फोर लावा, हळू जा, चाक फिरू देऊ नका.

जोडचाकी

माझी रॅम ३५०० ड्युअली (मागे जोडीनं चाकं असलेली) आहे, तिला एलटी२३५/८०आर१७ लागतात. हा धागा वाचणाऱ्या ड्युअलीवाल्यांसाठी: सहाच्या सहा टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे हवेत. जोडीतला एक टायर थोडा जरी उंच असला तरी तो दुसऱ्याचं वजन ओढतो आणि दोन्ही घासतात. आतल्या व्हॉल्व्हला लांब एक्स्टेन्शन लावून घ्या, नाहीतर हवा बघायचा कंटाळा करता आणि मग बघतच नाही.

मालवाहतूक_कराड

जोडचाकी, अगदी बरोबर. आणि जोडीच्या मधे दगड अडकलाय का तेही बघत जा. खडीच्या रस्त्यावरनं आलं की आमच्याकडं आधी तेच बघतात.

पाऊलवाट

एक शंका. ८० पीएसआयला ३६४० पेलतो, तर मग ८० च भरून टाकावी का? जास्त सुरक्षित नाही का?

चाकोरी

ट्रेलर नसताना ८० भरलीत तर टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, ओल्यात घसरतो आणि मधून झिजतो. ट्रेलर असताना तुमच्या वजनाला ६५ पुरते: ३१९५ विरुद्ध २६१०. मी असतो तर मागे ७० ठेवून निघालो असतो, कारण आई-बाबांचं वजन येणार आणि डावी-उजवी कमी-जास्त असणार. पुढे लेबलप्रमाणे ६०. हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी मोजायची. दुपारी तापलेल्या टायरमध्ये ८-१० वाढलेली दिसेल. ती काढू नका, काढलीत की दुसऱ्या सकाळी कमी भरेल.

गाडीचा हवेचा दिवा बघून निश्चिंत राहू नका. कायद्यानुसार तो लेबलच्या २५ टक्के खाली गेल्यावर लागायला हवा, म्हणजे ६५ च्या जागी ४९ च्या जवळ. ५० पीएसआयला तुमचा टायर २६८० पेलतो. तुमचं वजन २६१०. म्हणजे दिवा लागेपर्यंत राखलेली सगळी जागा संपलेली असते.

आणि ट्रेलरच्या टायरचं काय? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही.

पाऊलवाट

ट्रेलरच्या टायरवर नक्षी जवळजवळ नवीनच आहे, म्हणून विचारलं नव्हतं.

चाकोरी

ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, उभा राहून आणि उन्हाने मरतो. डीओटीने सुरू होणारा लांब क्रमांक शोधा, शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. बऱ्याचदा पूर्ण क्रमांक आतल्या बाजूला असतो, टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाकावं लागेल. वाकला आहातच तर आतल्या साइडवॉलवर नक्षी जिथे संपते तिथे नीट बघा.

पाऊलवाट

बघितलं. चारही टायरवर २३१८ आहे, २०१८ चा तेविसावा आठवडा. उजव्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूला, नक्षी संपते तिथे, गोल गोल बारीक भेगा आहेत. अंगठ्याने दाबलं की उघडतात. बाहेरून टायर काळा कुळकुळीत दिसतो.

माप एसटी२२५/७५आर१५ (एसटी म्हणजे खास ट्रेलरचा टायर), लोड रेंज डी. वेगाचं अक्षर कुठेच नाही.

चाकोरी

अक्षर नाही म्हणजे ताशी ६५ मैलांच्या वर जायचं नाही. तुम्ही ७५ च्या पट्ट्यात ट्रेलर घेऊन त्याच वेगाने जात असाल, तर भेगांसाठी ते एकच कारण पुरेसं आहे, वयाचं वेगळंच.

हे चारही आधी बदला. मोआबच्या आधी, गाडीच्या टायरच्याही आधी. डी रेंजचा हा टायर ६५ पीएसआयला २५४० पेलतो, तुमच्या चाकामागे १८३५ येतात, म्हणजे वजनाला कमी नव्हता. पण रिमवर ८० पीएसआय चालेल असं लिहिलेलं असेल तर ई घ्या, वेगाचं अक्षर असलेला. ट्रेलरच्या टायरमध्ये मात्र साइडवॉलवरची पूर्ण हवा भरायची, तिथे कमी-जास्त करू नका. आणि ट्रेलरला वेगळे हवेचे सेन्सर लावा. चालत्या गाडीत मागचं चाक बसलेलं तुम्हाला जाणवणार नाही.

रानवाटा

याला माझा पूर्ण पाठिंबा. ट्रेलरचा टायर फुटला की नुसता टायर जात नाही. उडालेला पट्टा वरची फरशी, पाण्याची नळी, वायर, सगळं फाडून टाकतो. एकदा एका मित्राच्या ट्रेलरखाली वाकून तो चिंधड्या झालेला भाग मी बघितलाय.

पाऊलवाट

ठरलं. आधी ट्रेलरचे चार, ई रेंज, सेन्सरसकट. मग अलाइनमेंट, मग गाडीला अजिलिस. रानवाटा, तुमचं खडीचं लक्षात ठेवलंय, मोआबला डांबरी रस्त्यालगतचीच जागा आरक्षित केली आहे. दुकानही बदललं.

स्टेपनीचं काय करावं? ती २०१९ पासून गाडीखाली तशीच टांगलेली आहे, कधी उतरवलेली नाही.

चाकोरी

नक्षी नवी असली तरी वय तेच, सहा वर्षांवर. पाच टायर घ्या, जुनी काढून टाका. नाहीतर निदान उतरवून हवा भरा आणि उतरवायची यंत्रणा गंजली नाही ना ते आत्ताच बघा. रस्त्यात कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं. नवे टायर चढवल्यावर ५० ते १०० मैलांनी नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळून घ्या, आकडा मॅन्युअलमध्ये आहे. ट्रेलरच्या चाकांनाही तेच, तिथे नट जास्त सैल होतात.

मालवाहतूक_कराड

ताई, आई-बाबांना घेऊन निघाल्यावर पहिल्या थांब्याला उतरून प्रत्येक चाकाजवळ हात धरून बघा. सगळी सारखी गरम लागली पाहिजेत. एखादं जास्त तापलेलं लागलं तर हवा, ब्रेक किंवा बेअरिंग, तिन्हींपैकी काहीतरी आहे. हब एकदम हातात धरू नका, भाजतं.